खिशावरचं नाव

आपलाच जुना निळा गाऊन प्रदर्शनाच्या भिंतीवर, दिव्यांच्या झोतात टांगलेला पाहिला आणि ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं! खिशावर लाल दोऱ्याने भरलेलं नाव होतं... 'धाकटी'. शेजारी तिच्या चित्रकार बहिणीने, म्हणजे धाकटीनेच लिहिलेली पाटी : 'आईच्या आठवणीतून सगळं पुसलं गेलं, मी मात्र उरले. माझी वाट पाहत तिने हा गाऊन माझ्यासाठी शिवला.'

माणसं पाटी वाचून डोळे टिपत होती. आई गेल्यावर घर आवरताना धाकटीने हा गाऊन उराशी धरून नेला, तेव्हा ताईने तोंडातून ब्र काढला नव्हता. काय सांगणार होती ती? लोकांचे कपडे शिवून घर चालवणाऱ्या, आईपायी स्वतःचा संसारही न मांडलेल्या थोरलीला आईने ओळखलंच नाही, हे? "कोण गं तू? माझ्या धाकटीला बोलाव!" म्हणत आई ताट भिरकावून द्यायची... शेवटी एके दिवशी ताईने खिशावर ते नाव भरलं, गाऊन अंगात घातला आणि म्हणाली, "आले गं आई!" त्या दिवशी आई पोटभर जेवली. पुढची तीन वर्षं ताई धाकटी होऊन राहिली. बहिणीच्या वाट्याची माया आपण चोरून खाल्ली, या विचाराने तिची मान आजही वर होत नव्हती.

"ताई, बघितलास?" धाकटी लगबगीने आली. "डावा खांदा तेवढा उतरतोय बघ. दहादा टांगला. शिवणात आईचा हात कधी चुकायचा नाही गं..."

"चुकलेला नाही. मापाचाच आहे तो," ताईतली शिवणारी बाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

धाकटीची नजर ताईच्या डाव्या खांद्यावर गेली. वीस वर्षं मशीनवर वाकून तो खांदा अर्धा इंच उतरला होता. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "हा... तू घालायचीस?"

मग ताईला राहवलं नाही. रडत रडत तिने सगळं सांगितलं. "मला माफ कर गं! शेवटच्या दिवशी आई माझा हात धरून म्हणाली, 'थोरली दिसत नाही कुठे. तिला सांग, माझं सगळं तिनंच केलंय. मी कधी बोलून दाखवलं नाही.' आणि मी नुसती 'सांगते हं' म्हणाले! मीच थोरली, एवढं म्हणायचं धाडस झालं नाही."

"माफी तू मागतेस? तीन वर्षांत एकदाही फिरकले नाही मी, आणि वर ही पाटी!" धाकटीने पाटी ओरबाडून काढली. लोक वळून पाहू लागले, पण तिला कशाचं भान नव्हतं. तिने ताईचे दोन्ही खांदे धरले.

"तो निरोप आईनं धाकटीकडे, म्हणजे माझ्याकडे दिला होता ना? मग मीच पोचवायला हवा." ती म्हणाली. "ताई, आईनं सांगितलंय... तिचं सगळं तूच केलंस. तिनं कधी बोलून दाखवलं नाही."

ताईने पहिल्यांदाच मान वर केली.

"पुन्हा एकदा सांग," ती म्हणाली.