तीन कोनांचा तारा

"पातळ काच वाकणारच. दुर्बिणीच्या आरशाची जाडी व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी तरी हवी, कितीदा सांगितलं तुला?" एवढं बोलून मिस्टर स्टॅनार्ड लेथच्या कारखान्याकडे निघून गेले आणि थेल्माचं तोंड एवढंसं झालं.

उद्या टेकडीवर दुर्बिणींचा मेळावा, आणि दुर्बिणी बनवणाऱ्यांच्या क्लबच्या या कर्त्याधर्त्यांनी तिची दुर्बीण बाद केली होती. तीत तारा तीनकोनी दिसायचा, हे खरंच होतं. पण जहाजाच्या खिडकीची काच पिंपावर ठेवून, अख्खा हिवाळा पिंपाभोवती फिरत घासून तिने तो आरसा केला होता. तिला रडूच आलं.

तिचा धाकटा भाऊ आल्डन म्हणाला, "वाकायचंच तर काच कशीही वाकेल. बरोब्बर तीनच कोन का?"

थेल्मा चमकली. आरसा धरणाऱ्या पकडीही तीनच होत्या.

दोघांनी दुर्बीण अंगणात ओढली. दिवसा तारा कुठून आणायचा? पण लांबच्या टेलिग्राफच्या खांबावर तार अडकवायची काचेची टोपी उन्हात चमकत होती. तो ठिपका ताऱ्याचं काम भागवतो, हे क्लबातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. थेल्माने बेत सांगितला. आरसा जरासा फिरवून बसवायचा. खोट काचेत असेल तर कोनही फिरतील. पकडीत असेल तर जागचे हलणार नाहीत.

पकडी सोडवताना आल्डनला घाम फुटला. त्या आवळल्या होत्या मिस्टर स्टॅनार्डनीच, पाना लावून! यंत्रं बनवणाऱ्या या गावात सैल वस्तू कुणाला बघवतच नाही.

आरसा फिरवून पकडी पुन्हा तशाच आवळल्या. कोन तसूभरही हलले नाहीत! मग पकडी इतक्या सैल केल्या की मधून कागद सरकावा, आणि ठिपका छान गोल झाला.

दुपारी मिस्टर स्टॅनार्ड आले, त्यांनी आरसा हलवून पाहिला आणि "खुळखुळतोय की हा" म्हणत सवयीने पाना उचलला.

"आवळायचं काम आल्डन करेल," थेल्मा म्हणाली. "तुम्ही फक्त बघा."

आल्डनने पाना फिरवला. मिस्टर स्टॅनार्डनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग त्यांनीच त्याला पकडी सैल करायला सांगितलं. तीनकोनी झालेला ठिपका पुन्हा गोल झाला.

"सहाव्या हिश्शाचा नियम खोटा नाही," ते शेवटी म्हणाले. "जाड काच आमचा आडदांडपणा मुकाट्याने सोसते. पातळ काचेला हलका हात लागतो. तो तुझ्याकडे आहे, पोरी. उद्या टेकडीवर पहिला मान तुझ्या दुर्बिणीचा. आणि माझ्या आरशाच्या पकडी तूच लावून दे."