आखूड प्रहरी

केतकी अठरा वर्षांची झाली आणि मिरजेच्या जनुक-केंद्रातून तिला कॅन्सर टाळणाऱ्या डोससाठी बोलावणं आलं. घराण्यात कॅन्सर पिढीजात असलेल्या प्रत्येक मुलीला आता असं बोलावणं येई. सोबत तिची आई यामिनी होती. वय एकेचाळीस, पण पाठीला बाक आलेला, केस पांढरेशुभ्र. जिन्यात ती दम घ्यायला थांबली तेव्हा केतकीने तिचा हात धरला.

केतकी रक्त द्यायला आत गेली. यामिनीने डॉ. नसीम मुजावरांना विचारलं, "मॅडम, माझं असं का झालं, एकदा सोपं करून सांगाल?"

नसीम खुर्ची ओढून जवळ बसल्या. "प्रत्येक पेशीत एक प्रथिन पहारा देतं. त्याला आम्ही प्रहरी म्हणतो. डीएनए बिघडला की ते काही जनुकं चालू करतं, काही बंद करतं आणि पेशीची वाढ थांबवतं. म्हणून कॅन्सर टळतो. पण त्याच जनुकापासून प्रहरीची आखूड रूपंही बनतात. त्यातलं एक पूर्ण प्रहरीला आवरतं. किरकोळ बिघाडाला पेशी थांबू देत नाही."

"आणि डोस?"

"डोस ते आखूड रूप घटवतो. त्यामुळे तुमच्या पेशींची वाढ जराशा कारणाने कायमची थांबते. कॅन्सर नाही, पण झीजही भरून निघत नाही, शरीर लवकर म्हातारं होतं. तुम्हाला डोस दिला तेव्हा आम्हाला हे कळलं नव्हतं. आजही याहून चांगला डोस नाही."

"आता उलटवता येईल?"

"थांबलेल्या पेशी परत चालू होत नाहीत, यामिनीताई."

यामिनीच्या धाकट्या बहिणीने, मेघनाने, डोस नाकारला होता. ती एकतिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली. यामिनी जगली. तिने केतकीला वाढवलं. तिच्यामागे धावणं मात्र कधी जमलं नाही.

दार उघडून केतकी आली. दंडावरचा कापूस दाबत म्हणाली, "मी डोस घेणार नाही, आई."

"मावशीचं काय झालं ठाऊक आहे ना?"

"आहे. तुझंही रोज बघते."

नसीमनी यामिनीकडे पाहिलं. आईने आता रागवावं, रडावं, पोरीला समजवावं, असं त्यांना वाटत असावं. यामिनीलाही तसंच वाटत होतं. पण पोरीच्या वाट्याला हा थकवा येणार नाही, एवढंच मनात आलं आणि तिला हायसं वाटलं.

मग मेघना आठवली आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली.