दुसरी गाडी

जुनी मोठी गाडी घेण्याआधी मेकॅनिकला दाखवावी, असं मी गॅरेजमध्ये येईल त्याला सांगत असतो. माझ्या सख्ख्या बहिणीने मात्र गाडी घेतली, दारात आणून उभी केली आणि मग मला फोन केला. "एकदा बघून जा ना." म्हणजे लग्न उरकल्यावर मुलाची चौकशी.

पण तिला बोलून उपयोग नव्हता. भाऊजींना हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू पूर्ण गेली, कूस बदलायलाही दुसरं माणूस लागायचं. एक दिवसाआड व्यायामासाठी इस्पितळात न्यावं लागे. हात-पाय परत यायचे तर याच काही महिन्यांत येतील, खाडा करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चाकांची खुर्ची आत मावेल अशी गाडी हवी होती, म्हणून ही उंच, तीन रांगांची. खुर्चीला घरात आधीपासून 'छोटी गाडी' म्हणत. आता ही मोठी गाडी झाली.

रेडिएटर गळत होता, क्लच घसरत होता, इंजिन तेल पीत होतं. या वयाच्या गाडीला हे व्हायचंच. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मी मजुरी घेत नव्हतो, पण सुट्या भागांना काही बहीण-भाऊ कळत नाहीत. ताई बिल न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकायची. त्याच सुमारास भाऊजींच्या डाव्या हाताची दोन बोटं हलायला लागली होती, त्यामुळे तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

एक दोष तेवढा जाईना. गाडी मागून डावीकडे बसायची. मी स्प्रिंग बदलली, शॉक अब्सॉर्बर बदलले, रबरी बुश नवे टाकले. जॅकवरून उतरवली की सरळ उभी राही. हात धुऊन येईपर्यंत पुन्हा डावीकडे कललेली. वैतागून उजवीकडची स्प्रिंग डावीकडे लावून पाहिली. तरी डावीच बसली.

शेवटी चाकांचं अलाइनमेंट करायला ओळखीच्या टायरवाल्याकडे नेली. तो यंत्राच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मागे बसलेल्याला उतरव की. मला गाडी रिकामी लागते."

"रिकामीच आहे."

त्याने उठून काचेतून आत पाहिलं. मग भराभर काम उरकलं. एरवी चहा पाजल्याशिवाय न सोडणारा माणूस, त्या दिवशी त्याने मला थांब म्हटलं नाही.

परत येताना मी मुद्दाम खडबडीत रस्त्याने आलो. रिकामी सीट खडखडते, माणूस बसला की गप्प होते, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. माझ्या मागच्या सगळ्या सीटा खडखडत होत्या. शेवटच्या रांगेतली डावी तेवढी गप्प होती.

गॅरेजच्या सावलीत गाडी लावून मी त्या सीटवर हात ठेवला. फोम दबलेला होता. आणि कोमट होता.

संध्याकाळी मी गाडी ताईकडे पोचवली. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या वाटेवर ताई ती घेऊन गॅरेजला आली. मधल्या सीटवर भाऊजी होते. मी त्यांना विचारलं, "भाऊजी, मागून काही आवाज येतो का हो?"

त्यांची जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला वेळ लागला. "नाही. मागचा... बोलत नाही."

"कोण मागचा?"

"अरे, ते हल्ली काहीबाही बोलतात," ताई म्हणाली. "तू गाडीचं बघ."

मी गाडीचंच बघितलं. ते दोघं इस्पितळातून घरी पोचल्यावर मी गाडी पुन्हा गॅरेजला आणली आणि ती सीट काढायला घेतली. बसायला जागाच नाही ठेवली तर? हा विचार शहाण्या माणसाचा नाही, मला कळत होतं. मला भीती वाटत होती. आणि भीती वाटली की मला चेष्टा सुचते.

"चला, उतरा आता," मी नट सैल करता करता म्हणालो. "शेवटचा थांबा आला. या गाडीत आजारी माणूस असतो. तुम्ही दुसरी गाडी बघा."

शेवटचा नट निघाला. सीट अजून जागेवरच होती, मी ती उचललीही नव्हती.

जाडजूड माणूस उतरल्यावर येते, तशी गाडी मागून हळूच वर आली.

मी सीट भंगारात टाकली. गाडी सरळ चालायला लागली. ताईने फोन करून तोंड भरून कौतुक केलं, आणि मीही ते ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तिचा फोन. "मोठीचं काही नाही रे. छोटी गाडी बघून जातोस का? ढकलताच येत नाही. मीच थकले असेन." मग म्हणाली, "यांची बोटंही हलायची थांबलीत."

मी हातातलं काम टाकून निघालो.

दुपारची वेळ होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. भाऊजी खुर्चीत बसले होते, अगदी पुढच्या कडेला, पाठ न टेकता. खुर्चीचे टायर जमिनीवर चपटे झाले होते. मी हवा तपासली. हवा गच्च होती.

"कुणी बसवलं तुम्हाला असं?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी त्यांना दोन्ही हातांनी उचललं. किती हलके झाले होते. पलंगावर अलगद निजवलं आणि वळलो.

खुर्ची रिकामी होती. टायर तसेच चपटे होते.

मी हललो नाही. बघत राहिलो. टायर हळूहळू फुगून गोल झाले.

"झाली का रे गाडी नीट?" ताईने आतून विचारलं.

"झाली," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

मागे पलंग करकरला.

मी वळून पाहिलं. भाऊजींच्या शेजारी गादी खोल दबली होती. आणि ज्यांना आपली कूस बदलता येत नव्हती ते भाऊजी, उताराला लागल्यासारखे, त्या खड्ड्याकडे सरकत होते.