मागचा बुरूज

चंद्रप्रकाशला नाटक बघायचं नव्हतं, झोपायचं होतं. एका टॉवरच्या मागच्या गेटवर सलग रात्रपाळ्या काढून त्याचं अंग पार आंबून गेलं होतं. पण लेकीने, श्रुतिकाने, पहिल्या पगारातून हौसेने मुलुंडच्या नाट्यगृहातल्या दुपारच्या प्रयोगाची तिकिटं काढली होती. बायको मालन ठेवणीतली साडी नेसून तयार. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

खुर्ची मऊ, एसी गार. म्हणजे घातच.

"बाबा, झोपू नकोस हां," श्रुतिका कुजबुजली.

नाटक वेढा पडलेल्या एका गडाचं होतं. थकलेला किल्लेदार रात्री एकेका बुरुजाला हाक मारायचा आणि तिथल्या पहारेकऱ्याची ओ यायची. चंद्रप्रकाशला हसू आलं. त्याचा सुपरवायझरही असाच वॉकीटॉकीवर एकेका गेटला हाक मारायचा. बाकीचे 'ओके' म्हणायचे, हा 'हजर' म्हणायचा. सवय इतकी मुरली होती की डुलकी लागलेली असली तरी तोंड बरोबर उघडायचं. नोकरी टिकली होती ती या सवयीवरच.

मध्यंतरात बटाटेवडे खाता खाता श्रुतिकाने शेवट सांगून टाकला. मागच्या बुरुजावरून ओ येत नाही. तिथला पहारेकरी झोपलेला असतो, शत्रू त्याच बाजूने दोर लावून चढतो आणि गडावरचे सगळे कापले जातात. चंद्रप्रकाशला त्या पहारेकऱ्याचं मनापासून वाईट वाटलं. दमलेल्या माणसाला झोप लागली, एवढाच त्याचा गुन्हा.

दुसऱ्या अंकात वडे अंगावर आले. डोळे मिटले. जळक्या तेलाचा वास आला, पायांना गार वारा लागला, आणि कुणीतरी फार लांबून, थकल्या आवाजात विचारलं, "मागचा बुरूज?"

"हजर," चंद्रप्रकाश म्हणाला.

स्वतःच्याच आवाजाने तो जागा झाला. मालनने कोपर मारलं. कुणी हसलं मात्र नाही. रंगमंचावरून किल्लेदार नेमका त्याच्याकडे बघत होता.

"जाग आहे तर," किल्लेदार म्हणाला. "मग आम्ही निजतो."

त्याने तलवार खाली ठेवली आणि तिथेच अंग टाकलं. मागोमाग एकेक शिपाई आडवा झाला. पडदा पडला.

लोक जांभया देत उठले. शेवट असा कसा, म्हणून चंद्रप्रकाशने विचारलं, तर श्रुतिका म्हणाली, बदलला असेल, आणि रिक्षात त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली.

भांडुपला चौथ्या मजल्यावरच्या खोलीत पोचले तेव्हा नुकती दिवेलागण झाली होती. मालनने कुकर लावला आणि ओट्याला टेकून बसली, ती तिथेच पेंगली. श्रुतिका खाटेवर, हातातला मोबाइल चालूच. शेजारच्या माणिकताईंचा टीव्ही कधी नव्हे तो गप्प होता. चंद्रप्रकाशने गॅलरीतून खाली पाहिलं. सगळ्या खिडक्यांत उजेड होता, आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला हँडलवर मान टाकून झोपला होता.

कुकरची शिटी झाली. कुणी उठलं नाही. त्यानेच गॅस बंद केला. मालनला हलवलं, हाका मारल्या. ती झोपेतच समाधानाने हसली. त्याला तिचा हेवा वाटला.

तो भिंतीला टेकून बसला. डोळे मिटले.

बाहेर भिंतीला काहीतरी घासलं.

"हजर," तो दचकून म्हणाला. आवाज थांबला.

त्याने तोंडावर पाणी मारलं, चिमटे काढले. अख्खं घर त्याच्या भरवशावर झोपलं होतं. पण माणूस दमतो किती, त्याला काही सीमा? डोळे पुन्हा मिटले.

पुन्हा घासलं. आता अगदी जवळ.

"हजर," तो ओरडला, आणि गॅलरीत धावला.

कठड्याला जाड, जुनाट दोराची गाठ बसली होती. घासणं थांबलं होतं.

दोर मात्र ताठच होता.