बोकडाची पानं

फोन वाजला तेव्हा हवालदार एका जवाहिऱ्याला जिन्यावरून ढकलत होता. कागदावर. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे गुन्हे निस्तरले, निवृत्त झाल्यावर म्हणाला, आता आपले आपण करू. रहस्यकथा लिहायचा. पंचाईत एवढीच, की त्याचा खुनी दुसऱ्या पानावरच सगळ्यांच्या लक्षात यायचा.

फोनवर वाचनालय सांभाळणारी पोरगी होती. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे.

"काका, लगेच या. ताईंची बोकडाची गोष्ट गेली."

"गेली म्हणजे?"

"कपाटातून. आणि पाचला प्रकाशकाचा माणूस येतोय."

हवालदाराने जवाहिऱ्याला तसाच अधांतरी सोडला आणि पायात चपला सरकवल्या.

आता ही मंडळी कोण, ते सांगतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी हौशी लिहिणारे जमायचे. धंदे वेगळे, घरच्या भाषा वेगळ्या. म्हणून नियम एकच: आधी आपल्या भाषेत वाचायचं, मग तेच सगळ्यांच्या भाषेत सांगायचं. पहिल्या वाचनाला बाकीच्यांनी नुसते कान द्यायचे, कळो न कळो. नियम मास्तरांनी घातलेला, मंडळही त्यांनीच उभं केलेलं. त्यांच्या एका कथेला फार वर्षांपूर्वी पदक मिळालं होतं. तिची छापील पानं आणि पदक काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर, पार छताला टेकलेलं. कथा कोर्टकचेरीच्या भाषेतली. ती मात्र त्यांनी मंडळात कधीच सांगितली नाही. म्हणायचे, "तिचं भाषांतर होत नाही. मरते ती."

ताई शिवणकाम करायची. तिच्या आईची डोंगराकडची भाषा, लिपीसुद्धा निराळी. मंडळात दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. आई सांगेल तसं शब्दाला शब्द उतरवून तिने गोष्टींचा गठ्ठा जमवला होता. त्याचं पुस्तक निघायचं होतं: डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर चष्मेवालीने केलेलं भाषांतर. प्रकाशकाची अट एकच. मूळ नाही, तर ती गोष्ट नाही.

हवालदार पोचला तेव्हा ताई गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. डोळे कोरडे, पण हात थांबत नव्हते. गठ्ठ्याची फीत सोडत होती, परत बांधत होती.

"दुसरी प्रत?"

"नाही."

"आठवून लिहिता येणार नाही?"

"गोष्ट येईल, काका. आईचे शब्द कुठून आणू?" ताई म्हणाली. "तिला आता माझं नावसुद्धा आठवत नाही. पण ही गोष्ट वाचली आणि बोकड घरी पोचला, की हसते. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तोंड फिरवते. तेवढंच उरलंय आमच्यात."

 हवालदाराने गठ्ठा मागून घेतला आणि पानं चाळली. मुंग्यांची रांग लागावी तसली अक्षरं. कुठे शीर्षक नाही, आकडा नाही, खूण नाही.

"बोकड कुठे होता यात?"

"मधोमध. पुढच्या मागच्या गोष्टी जिथल्या तिथे आहेत. एक पान इकडचं तिकडे नाही."

हवालदाराने गठ्ठा परत दिला आणि मिशीवरून हात फिरवला.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दारामागच्या खिळ्याला, हे सगळ्या मंडळाला ठाऊक. काल संध्याकाळी गठ्ठा ठेवला, तेव्हापासून खोलीत तिघंच येऊन गेले होते: चष्मेवाली, दातांचा डॉक्टर आणि मास्तर. तिघांनाही हवालदाराने बोलावून घेतलं.

डॉक्टरला मंडळात दातवाला म्हणायचे. तो कविता करायचा. या वर्षी पुस्तक आपलंच निघणार असं घरी, दवाखान्यात, पेशंट तोंड उघडून बसलेला असतानाही सांगून बसला होता.

"राग आला होता?" हवालदाराने विचारलं.

"आला होता. अजून आहे," दातवाला म्हणाला. "पण मी चोरलं असतं तर गठ्ठाच उचलला असता. मला त्यातली वरची बाजू कोणती हेही कळत नाही."

मग चष्मेवाली. बोकडाची गोष्ट पुस्तकातून गाळा म्हणून तिने ताईशी वाद घातला होता, हे हवालदाराच्या कानावर आलेलं होतंच. ती म्हणाली, हो, घातला. त्यातल्या आजीच्या शिव्या भाषांतरात उतरवताना तिची बोबडी वळत होती. "पण शेवटी उतरवल्या, काका. ताई वाक्य वाक्य सांगायच्या, मी लिहायचे. मूळ अक्षर मला एक ओळखता येत नाही."

मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले होते. उकाडा असा की भिंती घामेजलेल्या, तरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"मास्तर, तुम्हाला भाषा किती येतात?"

"चार. सगळ्यांना माहीत आहे."

"ही त्यात नाही?"

"नाही. हवालदार, उलटतपासणी तुमच्या कथेसाठी ठेवा."

दातवाला म्हणाला, काकांच्या कथेत एव्हाना खुनी सापडलेला असतो. कुणीच हसलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र सगळ्यांनी पाहिलं. प्रकाशकाचा माणूस यायची वेळ होत आली होती.

हवालदाराने गेल्या शनिवारचं काढलं. त्या दिवशी तो स्वतः आला नव्हता. ताईने बोकड वाचला तेव्हा कोण कुठे होतं? चष्मेवाली आठवून सांगू लागली. ताई मूळ वाचत होत्या, सगळे गप्प होते, आणि शेवटाशी मास्तरांना असा खोकला लागला की तोंडावर रुमाल धरून ते पाणी प्यायला बाहेर गेले. परत आल्यावर ताईंनी गोष्ट सगळ्यांच्या भाषेत सांगितली. दातवाला हसून हसून खुर्चीवरून घसरला.

"आणि मास्तर?"

"मास्तर तेवढे कोरडे. मला वाटलं, बरं नसेल."

हवालदार उठला. कोपऱ्यातली शिडी ओढत आणली आणि भिंतीला लावली. मास्तरांचा चेहरा उतरला.

"चोराने गठ्ठा नेला असता तर मी शंभर माणसांवर संशय घेतला असता," हवालदार शिडी चढत म्हणाला. "त्याने बिनखुणेच्या पानांतून नेमका बोकड उचलला. म्हणजे त्याला वाचता येतं. आता ही भाषा येणारा इथे कोण? ताई सोडून कुणी कबूल होत नाही. पण जीभ लपवता येते, हसू नाही लपत. गेल्या शनिवारी बोकड घरी पोचल्यावर बाकी सगळे हसले, एकच माणूस हसला नाही. त्याचं हसून झालं होतं. आधीच, रुमालात."

"खोकला होता तो," मास्तर म्हणाले.

"असेल. पण मग मी म्हटलं, या माणसाने स्वतःच घातलेला नियम स्वतःच्या एकाच कथेपुरता का मोडला?" फ्रेम खाली आली. हवालदाराने ती दातवाल्याच्या हातात दिली. "डॉक्टर, तुम्ही या कोर्टकचेरीच्या भाषेतच शिकलात. सांगा सगळ्यांच्या भाषेत."

"इतकी वर्षं वर टांगलेलं, कोण वाचायला गेलंय," असं पुटपुटत दातवाल्याने काच पुसली. "एक माणूस घोडा विकायला बाजारात जातो. चांगलं गिऱ्हाईक मिळतं. पैसे घेऊन घरी येतो, तर घोडा..." तो थांबला. त्याने मास्तरांकडे पाहिलं. "घोडा आधीच घरी. ह्याच्याच खाटेवर बसलेला."

चष्मेवालीही फ्रेमवर वाकली.

"घोडा खाटेवर बसत नाही, मास्तर," हवालदार हळूच म्हणाला. "बोकड बसतो. ताईचं पुस्तक निघालं असतं तर प्रकाशकाला कळलं असतं, की तुमच्या मनातून उपजलेली म्हणून पदक मिळालेली कथा डोंगरातली आजी नातवाला सांगते. मूळ नसेल तर ती गोष्ट छापणार नाहीत. म्हणून फक्त बोकड गेला. पानं जाळली नाहीत ना?"

मास्तरांनी कोटाची बटणं सोडली.  आतून पानं निघाली, घामाने जरा ओलसर.

"जाळायलाच नेली होती," ते म्हणाले. "वाचत बसलो. शाळेत ही भाषा बोललो की पोरं बकऱ्यासारखी ओरडायची. मी ती टाकून दिली. आजी गेल्यावर बोलायला कुणी उरलंच नाही."

चष्मेवाली रागाने काही बोलणार होती. ताईने हात करून तिला थांबवलं. मास्तरांकडून पानं घेतली, मोजली नाहीत की पुसली नाहीत. मग त्यांच्याकडे वळली.

"पदकाचं तुम्ही स्वतः प्रकाशकाच्या माणसाला सांगायचं. आज, माझ्यादेखत."

"सांगतो."

"आणि दादा," ती म्हणाली. मास्तरांना आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. "माझ्या आईशी त्या भाषेत बोलणारी मी एकटीच आहे. मी दिवसभर मशीनवर असते. तुम्हाला खरंच येते का, ते बघू दे. वाचा."

तिने पानं त्यांच्या हातात दिली.

मास्तरांनी घसा साफ केला. पहिल्या ओळीला अडखळले, दुसरीला सावरले. आणि मग त्या ताठ माणसाच्या तोंडातून असा काही मऊ, घरगुती आवाज येऊ लागला की दातवाला आपला राग विसरला. कुणाला शब्द कळत नव्हता. सगळे नियमाप्रमाणे कान देऊन बसले.

बाहेर प्रकाशकाच्या माणसाने दार वाजवलं. हवालदाराने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून त्याला उंबऱ्यातच उभं केलं.

आत ताई एकटीच हसत होती, भाषांतराच्या आधी.