भिडूचं बोट

सोमवारी संध्याकाळी शलाकानं कॅरमवर सोंगट्या मांडल्या, मधोमध राणी ठेवली आणि समोर बसलेल्या भिडूला म्हणाली, "हं, फोड!"

भिडूनं स्ट्रायकर रेषेवर ठेवला. हात पुढे आणला. पण बोट काही उचललं नाही. जरा वेळानं त्यानं मनगटच बोर्डाच्या कडेवर दोनदा आपटलं, टक टक, आणि पुन्हा तो गप्प बसून राहिला.

"आजोबा, लवकर या! भिडूचं बोट मेलं!"

मी चष्मा शोधून येईपर्यंत तिनं दोनदा हाक मारली. आयुष्यभर मी यंत्रांसाठी प्रणाली लिहिण्याचं काम केलं, त्यामुळे घरातलं काहीही बंद पडलं की मलाच हाक येते. माझ्या हातून ते दुरुस्त होतंच असं नाही, पण हाक येते.

मी बोट उघडून पाहिलं. आतल्या तिन्ही स्प्रिंगा शाबूत होत्या, तारा जागच्या जागी होत्या, छोटी मोटर हातानं फिरवली तर फिरत होती. बोट ठीक, भिडूही ठीक. सकाळी त्यानं भांडी लावली होती, कपड्यांच्या घड्या केल्या होत्या. मग तो बोट का उचलत नव्हता?

भिडू हा आमचा घरकामाचा रोबो. त्याच्या कारखान्यातल्या हाताला तीन जाड बोटं होती, पातेली धरायला उत्तम, स्ट्रायकर मारायला निरुपयोगी. चौथं बोट शलाकाच्या मोठ्या भावानं, यशोधननं, स्वतः बसवलं. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून त्यानं ते कातून आणलं होतं. लाखेचा लाल रंग, टोकाला गुळगुळीत. मग दोन वर्षं रोज संध्याकाळी तो शलाकाशी खेळायचा आणि भिडू शेजारी बसून बघायचा, शिकायचा.

यशोधनची खेळायची तऱ्हा वेगळी होती. मारण्याआधी तो कडेवर दोनदा टकटक करायचा. आणि पहिल्यापासून राणीच्या मागे लागायचा. राणी घ्यायचा, पण कव्हर त्याला कधी मिळायचं नाही (राणी घेतल्यावर लगेच आपली आणखी एक सोंगटी घ्यावी लागते, ते कव्हर; नाहीतर राणी पुन्हा मध्ये ठेवायची). शलाका चिडवायची, "दादा, तू राणी फक्त फिरायला नेतोस!"

चैत्रात यशोधन 'ध्रुव' या यानातून मंगळाकडे निघाला. परत यायला अडीच वर्षं. निघताना तो म्हणाला, "शलू, मी येईपर्यंत माझ्या वतीनं हा खेळेल. रडीचा डाव खेळलीस तर मला कळेल."

म्हणून ते बोट.

"काल रात्री भिडूनं काही नवीन घेतलं का?" मी विचारलं.

भिडूनंच उत्तर दिलं, "होय. मोठं अपडेट घेतलं. माझी कार्यप्रणाली आता नवी आहे."

"मग ते काढून टाका, आजोबा! आत्ताच्या आत्ता!"

"थांब जरा. काय काढायचं ते आधी समजून घेऊ."

ती हाताची घडी घालून बसली. माझं बोलणं लांबतं हे तिला ठाऊक आहे.

"समज, एक मोठं ग्रंथालय आहे. वाचक थेट कपाटांकडे जात नाहीत. काउंटरवर एक बाई बसतात, त्यांच्याकडे चिठ्ठी द्यायची. कुठलं पुस्तक कुठे आहे, कोणाला द्यायचं, कोणाला आत सोडायचं नाही, सगळं त्या बघतात. भिडूच्या आत तसंच आहे. हात, डोळे, आवाज, पत्रं या सगळ्यांचा कारभार बघणाऱ्या त्या बाई म्हणजे कार्यप्रणाली. छोटं अपडेट म्हणजे त्यांनी एखादं कुलूप बदलणं. मोठं अपडेट म्हणजे त्या बाईच बदलल्या. नव्या बाई, नवं रजिस्टर, नवे नियम."

"आणि त्यांना दादाचं बोट आवडत नाही."

"आवडायला त्यांना ते माहीत तरी हवं ना! कारखान्याच्या बोटांची माहिती त्यांच्या रजिस्टरात आहे. दादाचं बोट घरचं. त्याच्यासाठी दादानं एक चालक लिहिला होता (चालक म्हणजे यंत्राचा एखादा भाग आणि कार्यप्रणाली यांच्यामधला दुभाषा). जुन्या बाई त्या दुभाष्याला ओळखत होत्या. नव्या बाई म्हणतात, ओळखपत्र दाखव. ते त्याच्याकडे नाही. म्हणून बोट ठीक आहे, पण त्याच्याशी कोणी बोलतच नाही."

"आणि जुन्या बाई गेल्या कुठे?"

"माळ्यावर. जुनी प्रणाली दहा दिवस तशीच राखून ठेवतात. पटलं नाही तर परत आणता येते. दहा दिवसांनंतर ती आपोआप पुसली जाते, कारण ती खूप जागा अडवते."

"मग आणा ना खाली!"

इथेच खरी अडचण होती. यशोधनची पत्रं भिडूच्याच अँटेनावर यायची. चोरट्यांनी जुन्या कुलपाची किल्ली बनवली होती, म्हणून अंतराळ डाकसेवा वसुबारसेपासून पत्रांना नवं कुलूप लावणार होती. ते फक्त नव्या प्रणालीला उघडता येणार होतं. जुनी परत आणली तर बोट चालेल, पण दादाचं एकही पत्र उघडणार नाही. शिवाय जुन्या कुलपामुळे घराचं दारही चोरट्यांना उघडं.

शलाका हळू आवाजात म्हणाली, "पत्र नाही आलं तरी चालेल."

"अगं, असं कसं?"

"पत्रात दादा बोलतो, आजोबा. खेळताना तो असतो."

मी म्हणालो, "उद्या बघू."

उद्या आला, परवाही आला. शलाका रोज सोंगट्या मांडायची, भिडू रोज मनगट दोनदा आपटायचा, ती रोज माझ्याकडे बघायची आणि मी रोज "उद्या बघू" म्हणायचो. तिला सांगायला लाज वाटत होती, पण मला ठरवताच येत नव्हतं. खरं तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट करायला हवी होती. ठेवायचं की काढायचं हे ठरवण्याच्याही आधी, जुन्या प्रणालीची पूर्ण नक्कल साठवणीच्या वेगळ्या डबीत काढून ठेवायची. मग कुठलाही निर्णय चुकला तरी मागे फिरता येतं. तीस वर्षं मी हेच दुसऱ्यांना शिकवलं. घरी मात्र रिकामी डबी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसलो.

आठव्या दिवशी दिवाळीची साफसफाई निघाली. माझी सून अनघा कंबर कसून उभी होती. "बाबा, माळ्यावरचं जुनं सगळं काढायचं आहे. यंदा दयामाया नको!" मी स्टुलावर चढून डबे, तुटके आकाशकंदील आणि वायरींची भेंडोळी खाली देत होतो. भिडू ते खाली घेत होता. धुळीनं माझे डोळे चुरचुरत होते.

भिडूनं विचारलं, "आजोबा, माझ्याही माळ्यावर जुनं सामान आहे. काढू का? बरीच जागा मोकळी होईल."

"काढ, काढ," मी वरूनच म्हणालो. "जुनं सगळं काढ."

पुढचा डबा हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं.

"भिडू, थांब!"

"काढलं," भिडू म्हणाला. "जागा मोकळी झाली."

दुपारी शलाका शाळेतून आली. मी तिला दारातच सांगितलं, नाहीतर पुन्हा "उद्या सांगू" म्हणालो असतो. तिनं दप्तर खाली ठेवलं नाही. रडलीही नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे दादाचं बोट आता कधीच चालणार नाही."

"आपण दादाला विचारू. त्याच्याकडे चालकाची प्रत असेल."

"तुम्ही रोज उद्या म्हणालात," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं कॅरम भिंतीला टेकवून उलटा उभा करून ठेवला.

मी यशोधनला पत्र पाठवलं. ध्रुव तेव्हा इतक्या लांब होतं, की प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या पत्रालाही पोहोचायला अकरा मिनिटं लागायची. उत्तर यायला तीन दिवस लागले. ते वसुबारसेला आलं, नव्या कुलपात. नव्या बाईंनी ते लगेच उघडलं.

पडद्यावर यशोधन जरा वाळलेला दिसला. "आजोबा, माझ्याकडे प्रत नाही हो. यानात वजन मोजून सामान देतात, तशी साठवणही मोजून देतात. पण बोट तर आहे ना? मग चालक पुन्हा लिहा. तुम्ही लिहा. मला तुम्हीच तर शिकवलंत. आणि शलू, आजोबा 'मला जमणार नाही' म्हणतील. त्यांना म्हणू देऊ नकोस."

मी म्हणालो, "मला..."

"म्हणायचं नाही," शलाका म्हणाली. तीन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

मग आम्ही बसलो. ती बोट हळूहळू उचलायची आणि कोन मोजून सांगायची, मी लिहायचो. किती उचललं की स्प्रिंग किती ताणते, मोटरला किती वीज दिली की ती किती वेगानं सुटते. नव्या बाईंकडे रीतसर अर्ज करून दुभाष्याचं ओळखपत्रही काढलं. माझी चूक झाली, की शलाका शोधायची. तिला त्या फार लवकर सापडायच्या.

"म्हणजे आजोबा, बोट वेगळं, दुभाषा वेगळा आणि बाई वेगळ्या," ती मध्येच म्हणाली. "मग दादाची खेळायची तऱ्हा कुठे होती? ती पण माळ्यावर?"

मी पेन खाली ठेवलं. "सवयी वेगळ्या वहीत असतात. अपडेट त्या वहीला हात लावत नाही. निदान लावू नये. पण मी आता कशाचीच खात्री देत नाही बाई."

पाडव्याच्या सकाळी तिनं कॅरम सुलटा केला, पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या. भिडूनं स्ट्रायकर मारला. तो बोर्ड सोडून थेट चकलीच्या डब्यावर आदळला.

"कॅरम आहे, क्रिकेट नाही!" अनघा स्वयंपाकघरातून ओरडली.

मी मोटरच्या विजेचा आकडा कमी केला. भिडूनं पुन्हा हात पुढे आणला. लाल बोट उचललं गेलं. पण मारण्याआधी त्यानं ते कडेवर वाजवलं. टक टक.

शलाका माझ्याकडे वळली. "आजोबा! ते मनगट आपटणं! आपल्याला वाटलं तो बिघाड आहे. तो दादाची टकटक करत होता. बोट मिळत नव्हतं म्हणून मनगटानं करत होता!"

मला ते इतके दिवस कळलं नव्हतं. प्रणाली बदलली, चालक गेला, तरी सवयींची वही जागेवर होती. रोज संध्याकाळी भिडू तेच सांगत होता आणि आम्ही मात्र स्प्रिंगा तपासत होतो.

दोन-तीन फेऱ्या झाल्या. भिडूच्या दोन-चार सोंगट्या सहज जाण्यासारख्या होत्या. त्या सोडून त्यानं स्ट्रायकर समोरच्या कडेला आपटवला आणि परत येताना त्यानं राणीला अलगद कोपऱ्यात ढकललं. राणी गेली. मग कव्हरसाठी त्यानं अगदी सोपी सोंगटी निवडली. आणि चुकवली.

शलाका इतक्या जोरात हसली, की अनघा बाहेर येऊन बघू लागली. हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले.

नंतर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. यशोधन येईपर्यंत आणखी तीन मोठी अपडेट येणार होती. प्रत्येकापुढे तिनं लिहिलं, 'आधी नक्कल. मग ठरवू.' त्याखाली बारीक अक्षरात, 'आजोबांना स्टुलावर असताना काही विचारायचं नाही.' आणि रिकामी डबी माझ्या टेबलावरून उचलून तिनं भिडूला जोडली. नक्कल निघेपर्यंत ती तिथेच बसून होती.

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर तिनं दादाला पत्र सांगायला सुरुवात केली. बरंच सांगेल असं मला वाटलं होतं. तिनं एवढंच सांगितलं:

"दादा, आज तू राणी घेतलीस. कव्हर चुकलं. राणी परत मध्ये ठेवली आहे. कव्हर द्यायला ये."

मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. अकरा मिनिटं ती आभाळाकडे बघत होती, पत्र तिकडे पोहोचेपर्यंत.