सात नंबरचं उष्टं

पशुसंशोधन केंद्रात तिचं काम एकच, गायींचं उष्टं मोजायचं. नव्या खाद्याची चाचणी चालली होती. सकाळी गव्हाणीत आठ किलो घालायचं, संध्याकाळी उरलेलं वजन करून वहीत लिहायचं. सगळे तिला उष्टंमास्तरीण म्हणायचे.

सोमवारी सात नंबरची गाय मेली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बारा गायी नसल्या तर चाचणीच रद्द!

"आठवडाभर कागदावर जगू दे गं तिला."

"मेलेलीचं जेवण मी लिहायची नाही. हवं तर खाद्य घाला. आठ घालाल, आठ उरेल, तेच लिहीन."

मंगळवारी आठ उरलं. बुधवारी पाच.

तिनं गोठ्यावरच्या मामांकडे डोळे वटारून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस, बाई? मला घरचंच जेवण पचत नाही!"

गुरुवारी तिनं सात नंबरच्या खणाच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी उघडलं, तर गव्हाण चाटूनपुसून साफ. गव्हाणीचा पत्रा ओला होता. आणि कोमट.

शेजारची सहा नंबर आणि आठ नंबर, दोघी आपापल्या पलीकडच्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

तिनं वहीत लिहिलं, 'गाय मेली आहे. आठ किलो खाल्लं.'

साहेब खूश झाले, मग वैतागले. "अगं, दोन्हीपैकी एक काहीतरी लिही!"

"दोन्ही खरं आहे."

"पहिलं वाक्य खोड. नाहीतर उद्यापासून घरी बस."

"बसते. पण खोडायचं तर तुम्ही खोडा. इथं बाहेर नाही. आत, तिच्या जागेवर उभं राहून."

मामा खाकरले. साहेबांना मागे हटणं शोभेना. "खुळ्यांचा बाजार नुसता!" म्हणत ते खणात शिरले, गव्हाणीकडे पाठ केली, वही भिंतीला टेकवून पेन काढलं.

रेघ मारायला त्यांना फार वेळ लागला.

बाहेर आले. वही तिच्या हातात दिली.

तिनं खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली. ठळक. खाली सही ठोकली.

"काढा आता कामावरून."

साहेब वळले. ऑफिसकडे चालू लागले.

त्यांच्या शर्टाच्या पाठीवर कमरेपाशी वीतभर रुंद ओला पट्टा होता. मामांनी तिचा हात घट्ट धरला.

साहेब चालत होते, आणि पट्टा हळूहळू मानेकडे सरकत होता.